पत्रिका छापायच्या आधी मोठेबाबांच्या घरी जा

पत्र : "दारव्हा तालुक्यातलं आमचं गाव, सव्वाशे घरांचं. वैशाखात धाकट्या बहिणीचं लग्न आहे, गावातच, शाळेसमोरच्या पटांगणात. बाबा आणि मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, चार वर्षांपासून बोलत नाहीत. वाटणीनंतर धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, वाद झाला, त्यात मामा मधे पडले आणि शब्द वाढले. बाबा म्हणतात पत्रिकेत मोठेबाबांचं नाव नको. आई म्हणते नाव नसलं तर लोक काय म्हणतील. साक्षगंधाला नवरदेवाकडच्यांनी 250 वऱ्हाडी सांगितले होते, आता 400 येतील असा निरोप आला. मोठ्या बहिणीच्या लग्नात लग्न लागायलाच तीन वाजले, बुंदी संपली, वऱ्हाडी रुसले. भाटवे, म्हणजे तिचे यजमान, अजून ऐकवतात. त्यातच नवीन जवायाला गाडी देणार अशी कुजबुज सुरू झाली आणि भाटवे फुगले. मी घरातला मोठा मुलगा, वय 27. सुरुवात कुठून करू?"

भाऊ, सुरुवात पत्रिकेपासून करा, आणि छापायला देण्याआधी करा. वऱ्हाडी, बुंदी, गाडी ही सगळी कामं उरलेल्या दिवसांत निस्तरता येतात. छापलेली पत्रिका मात्र परत घेता येत नाही. त्यातून गळलेलं नाव पुढची वीस वर्षं प्रत्येक लग्नात निघतं.

मोठेबाबांच्या नावावर बाबांशी वाद घालू नका. पत्रिकेचा मजकूर असा लिहा की वादाला जागाच राहणार नाही. सगळ्यात वर आजोबांचं नाव येऊ द्या: "कै. अमुक यांची नात". त्याखाली मोठेबाबांचं नाव घेऊन "यांची पुतणी", आणि त्याखाली बाबांचं नाव घेऊन "यांची कनिष्ठ कन्या". आजोबांच्या नावाखाली दोघं भाऊ वयाप्रमाणे आले, एवढंच त्यातून दिसतं. बाबा नमले असं कुणाला म्हणता येत नाही. निमंत्रकांत मात्र बाबांचं नाव आधी ठेवा, कारण लग्न त्यांच्या घरचं आहे. मोठेबाबांच्या मुलांची नावं 'विनीत'मध्ये तुमच्या नावाच्या ओळीतच घाला. खाली वेगळ्या कोपऱ्यात, बारीक टायपात नको. पत्रिका हातात आली की लोक पहिल्यांदा आपलं नाव कुठं आहे ते पाहतात, आणि वाईट वाटतं ते याच कोपऱ्याचं.

मजकूर तयार झाला की त्याचा फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. छापखान्यातून आलेलं प्रूफ आधी भावकीच्या ग्रुपवर जातं, मग मोठेबाबांच्या सुनेच्या मोबाइलवर, आणि तुम्ही पोहोचायच्या आत त्या घरात निर्णय होऊन बसलेला असतो. प्रूफ कागदावर घ्या. लग्नाच्या निदान पाच आठवडे आधी त्या घरी जा. छपाईला आठवडा धरा, आणि गावोगावी वाटायला तीन आठवडे तरी लागतातच.

जायचं कुणी, हा खरा प्रश्न. तुम्ही एकटे गेलात तर "बापानं पोराले पाठवलं" होतं. बाबा एकटे गेले तर दहा मिनिटांत धुरा निघतो. दोन्ही भावांना गप्प करू शकेल असं माणूस एकच असतं, दोघांची बहीण. तुमच्या आत्याला आधी फोन करा. पत्रात आत्याचा उल्लेख नाही. सख्खी नसेल तर बाबांची थोरली चुलत बहीण पाहा. गावातला पुढारी मात्र नेऊ नका. तो मध्यस्थी करतो आणि नंतर पारावर सांगतो.

त्याआधी एक काम आईचं. जावा-जावांचं बोलणं सहसा पूर्ण तुटलेलं नसतं. हळदी-कुंकवाला, दळणाला, दवाखान्यात कुठं ना कुठं भेट होते. आईनं मोठ्याआईच्या कानावर एवढंच घालावं की अमुक दिवशी आम्ही येतो. कशासाठी ते सांगायची गरज नाही, त्या समजतात. अचानक दारात उभं राहिलं की समोरचा माणूस रागाशिवाय दुसरं काही करू शकत नाही. आदल्या दिवशी कळलं की त्याला रात्रभर विचार करायला मिळतो.

वेळ सकाळची ठेवा. संध्याकाळी घरात चार माणसं येऊन बसतात, कुणी थोडी घेतलेलीही असते. आत्या, बाबा, आई आणि तुम्ही, चौघंच जा. हातात प्रूफ, हळद-कुंकू आणि नारळ. बाबांनी बोलायचं ते दोनच वाक्यं, आणि ती आधी ठरवून: "दादा, पोरीचं लगन हाये. धुऱ्याचं मंग पाहू, तुमी मांडवात पाह्यजेत." पुढचं आत्यानं बोलावं. "झालं गेलं विसरा" आणि "मोठ्यानं मन मोठं करावं" ही दोन वाक्यं घरी ठेवून जा. पहिल्यात त्यांची तक्रार खोटी ठरते, दुसऱ्यात त्यांना लहान ठरवलं जातं. चहा आला तर प्या. अर्ध्या तासात उठा, बोलणं गोड चाललं असलं तरी.

आता ते काय म्हणतील? बहुधा म्हणतील, "आधी धुरा मोजा." इथं बाबा एक तर चिडतील, नाही तर भावनेच्या भरात "देऊन टाकतो" म्हणतील. दोन्ही नको. लग्नासाठी दिलेला जमिनीचा शब्द मांडव उठला की पाळला जात नाही, आणि मग भांडण दुप्पट होतं. उत्तर असं द्यावं की लग्नानंतर दोघांच्या सहीनं तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज टाकू आणि फी अर्धी-अर्धी भरू. लग्नाआधी मोजणी करू नका, कारण मोजणीची तारीख तुमच्या हातात नसते आणि खुणा कुणाच्या तरी विरोधात पडणारच. हळदीच्या आठवड्यात त्या पडल्या तर काय होईल, ते तुम्हीच पाहा.

त्यांनी नाव लावायला स्पष्ट नकार दिला तर? दुसऱ्यांदा मनधरणी करायला आत्यानं एकटीनं जावं. तरीही नाहीच म्हणाले तर त्यांचं नाव काढा, आजोबांची ओळ मात्र ठेवा. नुसतेच गप्प बसले तर तो होकार समजून नाव छापा. पहिली पत्रिका देवाजवळ, दुसरी त्यांच्या घरी, अक्षता लावून. गावात तिसरी पत्रिका वाटण्याआधी ती तिथं पोहोचलेली असली पाहिजे.

ते येणार असं गृहीत धरून त्यांचा मान आत्ताच ठरवा. इथं एक चूक फार घरांत होते. रुसलेल्या माणसाला आपलंसं करायचं म्हणून मोठी जबाबदारी दिली जाते: कोठीची किल्ली, आचाऱ्याशी व्यवहार, नाही तर मांडवाचं सामान. अशा माणसाला मान द्यावा, काम देऊ नये. मान पाच मिनिटांत होऊन जातो. काम दोन दिवस चालतं, आणि मधे कुणी टोचून बोललं की तो किल्ली खिशात घालून घरी निघून जातो. मोठेबाबांसाठी व्याहीभेट योग्य. पहिली भेट बाबांची, लगेच दुसरी मोठेबाबांची, नवरदेवाच्या थोरल्या काकांशी. जोड्यांची यादी दोन दिवस आधी नवरदेवाकडून मागवा आणि हार त्या आकड्यापेक्षा चार जास्त आणा. ऐन वेळी कुणाचा तरी आतेभाऊ उभा राहतोच. माइकवर नावं घेणाऱ्याच्या हातात लिहिलेली चिठ्ठी द्या आणि चिठ्ठीबाहेरचं नाव तुम्हाला विचारल्याशिवाय घ्यायचं नाही असं बजावा.

मामांचं वेगळं. त्यांची जागा नवरीमागे, अंतरपाटाजवळ; ती कुणी घेत नाही. व्याहीभेटीत त्यांची जोडी मोठेबाबांच्या लगेच पुढे-मागे ठेवू नका, मधे दोन जोड्या जाऊ द्या. "मोठेबाबा येणार आहेत" हे मामांना आईनंच सांगावं, आणि मोठेबाबांकडे जाऊन आल्यावर त्याच दिवशी. दुसऱ्याकडून कळलं तर त्यांना वाटेल की आपल्याला डावललं.

आता 400 वऱ्हाडी. फोनवर माणसांच्या आकड्यावर घासाघीस करू नका, गाड्या किती ते विचारा. माणसांचा आकडा वाढतो-घटतो. गाडीला भाडं द्यावं लागतं, त्यामुळे गाड्यांचा आकडा खरा असतो. मोठ्या बसमध्ये पन्नासेक, क्रूझरमध्ये दहा-बारा. चार बस आणि चार क्रूझर म्हणजे अडीचशेच्या आसपास. आठ बस म्हणाले तर 400 खरे. मग बाबांनी व्याह्यांना स्वतः सांगावं, मध्यस्थासमोर: "साक्षगंधाला अडीचशे ठरले होते, तीनशेपर्यंत आम्ही सांभाळू. गावातली बाकीची मंडळी तुमच्याकडच्या स्वागत समारंभाला जेवतील." गावचा कार्यक्रम त्यांच्या घरीही होणारच असतो, त्यामुळे यात त्यांचा अपमान नाही. निरोप पाठवणाऱ्या मधल्या माणसाला उत्तर देऊ नका. 250 चे 400 बहुतेक वेळा त्याच्याच तोंडात होतात.

तुमची बाजूही मोजा. गावात आवतन चूलबंद (घरातल्या सगळ्यांना) की घरटी (घरामागे ठरावीक माणसांना), ते घरनिहाय लिहा. भावकीची वीस घरं चूलबंद, म्हणजे घरामागे पाच धरून शंभर. उरलेल्या शंभर घरांतून दोन-दोन, म्हणजे दोनशे. बाहेरगावचे सोयरे दोनशे. वऱ्हाडी तीनशे. एकूण आठशे. मोठ्या बहिणीच्या वेळी बहुधा भावकी आणि गाव दोघांनाही "या बरं" म्हटलं गेलं असेल, आणि "या बरं"चा अर्थ प्रत्येकानं आपल्या सोयीनं चूलबंद लावला असेल.

शंभर पानांमागे अंदाज असा: तांदूळ 8 ते 9 किलो, तूरडाळ 4 किलो, पोळी-पुरीची कणीक 10 ते 12 किलो, आलू-वांगे मिळून 14 ते 15 किलो, बुंदीसाठी बेसन 3 किलो, मठ्ठा 15 लिटर. आचारी स्वतःचा हिशोब सांगेल, तो याच्या दीडपट असेल तर का ते विचारा. पिण्याच्या पाण्याचे 20 लिटरचे दहा-बारा जार शंभर माणसांमागे लागतात. वैशाखात पारा 43-44 पर्यंत जातो. पाणी संपलेला मांडव भाजी संपलेल्या मांडवापेक्षा लवकर बिघडतो. हात धुवायला टँकर वेगळा.

बुंदी संपली ती कमी केली म्हणून, असं समजू नका. लग्न तीन वाजता लागलं, हेच कारण. उपाशी गाववाले बारा-एकपासून जेवायला बसले, वाढणाऱ्या पोरांना कुणी आवरलं नाही, आणि नवरदेवाची माणसं नाचून दमून आली तेव्हा गंज, म्हणजे मोठं पातेलं, खरवडत होते. म्हणून तीन गोष्टी करा. वऱ्हाड्यांची बुंदी तयार होताच वेगळ्या गंजात काढून कोठीत कुलूप लावून ठेवा. किल्ली एकाच माणसाकडे, आणि तो त्या दिवशी नाचणारा, पिणारा किंवा मानकरी नसावा. तुमचा एखादा आतेभाऊ किंवा शाळेतला मित्र चालेल. दहा किलो तांदूळ आणि चार किलो डाळ कच्चीच बाजूला ठेवा आणि आचाऱ्याला एक भट्टी शेवटपर्यंत चालू ठेवायला सांगा. माणसं वाढली तर वरण-भात पाऊण तासात होतो, बुंदी होत नाही. नाही लागलं तर सामान दुकानात परत जातं. किराणा घेतानाच तसं बोलून ठेवा.

आणि म्हातारी माणसं, लहान लेकरं, शुगरवाले यांची पंगत लग्नाआधीच अकरा वाजता उठू द्या. "नवरीच्या आधी जेवले" असं कुणी म्हणत असेल तर म्हणू द्या.

वेळेचं काय? पत्रिकेवर 11.45 छापून वरात मारुतीच्या देवळातून एक वाजता निघते, कारण वाजंत्री किती वाजता थांबणार ते कुणी ठरवलेलंच नसतं. व्याह्यांशी बोलताना मुहूर्ताची वेळ सांगू नका, वऱ्हाड गावात पोहोचायची वेळ ठरवा: साडेनऊ. जानोशावर, म्हणजे वऱ्हाड उतरतं तिथं, नाश्ता आणि पाणी तयार असेल असं सांगा आणि खरंच ठेवा. नाश्ता उशिरा मिळाला की वरात उशिरा निघते, आणि तो दोष तुमच्याकडे येतो. डीजेचे पैसे तेच देतात, तेव्हा थांबवायचं काम त्यांच्यातल्याच एका वडील माणसाकडे आधी सोपवून घ्या. तुमच्याकडचं कुणी डीजेचं बटण बंद करायला गेलं की भांडण तिथंच लागतं. संध्याकाळचं गोरज लग्न ठरवायचा मोह होईल, उन्हामुळे. चालेल, पण रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंदी आहे आणि वरात तिथंही लांबतेच.

गाडीच्या कुजबुजीवर मात्र एक दिवसही थांबू नका. ती कुठून निघाली हे शोधत बसण्यात अर्थ नाही. बाबांनी व्याह्यांनाच सरळ विचारावं, मध्यस्थासमोर: "गाडीचं ऐकू येतं, तुमचं काही म्हणणं आहे का?" बहुतेक वेळा उत्तर "छे, छे" असं येतं आणि विषय संपतो. "पोराची हौस आहे" असं आलं तर तो हुंडा आहे. 1961 च्या कायद्यानं घेणाराच नव्हे, देणाराही गुन्हेगार ठरतो आणि किमान शिक्षा 5 वर्षांची आहे. हे वाक्य व्याह्यांना ऐकवायची गरज नाही, तुमच्या घरात माहीत असलं म्हणजे झालं. त्यांना एवढंच सांगा: "आमच्याकडून देणं होणार नाही, मोठीला नव्हती, धाकटीलाही नाही." याच वाक्यानं भाटव्यांचाही प्रश्न सुटतो. लोक खुशीनं जे देतील त्याची यादी ठेवा, नवरीची वेगळी, नवरदेवाची वेगळी: वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं, आणि खाली दोघांच्या सह्या. नियमही तसाच आहे.

भाटव्यांना मांडवाचा मान द्या. बऱ्याच घरी मुहूर्तमेढ घरच्या जवायाच्या हातूनच रोवतात. तुमच्याकडे रीत असेल तर त्यांना आठवण करून द्यायची वेळ येऊ देऊ नका, आदल्या आठवड्यात बहिणीकरवी नव्हे तर तुम्ही स्वतः फोन करा. त्यांचा आहेर नवीन जवायाच्या तोडीचा घ्या, एकाच दुकानातून, एकाच दिवशी.

बाकी आहेराचं थोडक्यात. एका नात्याला एक दर: सगळ्या आत्यांच्या साड्या एका भावाच्या, सगळ्या मावशांच्या एका भावाच्या. रंग वेगळे चालतात, भाव वेगळा चालत नाही, कारण साड्या घरी जाऊन शेजारी-शेजारी उघडल्या जातात. गठ्ठ्यावर नावाची चिठ्ठी लावा आणि हे सगळं हळदीच्या आधी उरका. हळदीच्या रात्री घरात झोप नसते, पाहुणे खोलीखोलीत असतात आणि "तिला कोणती दिली" हे तेव्हाच निघतं. पाच साड्या आणि दहा टोपी-दुपट्टे बिननावाचे जास्त ठेवा. मोठ्याआईची साडी आईनं स्वतः निवडावी. पत्रिकेवर "आहेर स्वीकारला जाणार नाही" छापणार असाल तर ते पाहुण्यांसाठी आहे, मानाचे आहेर होणारच, हे भावकीत तोंडी सांगून टाका. नाही तर कुणी रिकाम्या हातानं येतं आणि कुणाला रिकाम्या हातानं पाठवलं असं होतं.

सगळं करून लग्नाच्या दिवशी मोठेबाबा आलेच नाहीत तर माणूस दोनदाच पाठवा. हळदीच्या संध्याकाळी आत्या, आणि लग्नाच्या सकाळी त्यांच्याच नातवंडांपैकी एखादं. तिसऱ्यांदा कुणाला पाठवू नका आणि त्यांच्यासाठी मुहूर्त थांबवू नका. माइकवर त्यांचं नाव घेऊन "कुठं आहेत" असं विचारायचं तर अजिबातच नाही. बाबांच्या पाठोपाठ व्याहीभेटीत मोठेबाबांचा मुलगा असेल तर तो उभा राहील, नसेल तर आत्याचे यजमान. नवरा-नवरी मांडवपरतणीला आले की तुमच्या घरी जेवायच्या आधी त्यांना मोठेबाबांच्या पाया पडायला घेऊन जा, सोबत बुंदीचा डबा आणि तो राहिलेला आहेर. मोजणीचा अर्ज त्यानंतरच्या सोमवारी टाका. पेरणीच्या आधी शेत मोकळं असतं तेव्हा खुणा लावायला सोपं जातं.